चर्चचा इतिहास लिहायला बसले आणि घोगरगावच्या वाटेला लागले

मास्तरांची नात | ११ जून, रात्री १०:५०

मंडळी, जय ख्रिस्त.

पुढच्या वर्षी आमच्या धर्मग्रामाचा (पॅरिशचा) आणि शाळेचा वर्धापन सोहळा आहे. त्यासाठी स्मरणिका निघणार आहे आणि इतिहासाचं प्रकरण माझ्याकडे आलं आहे. फादरांनी मागच्या स्मरणिकेतली चार पानं हातात दिली आणि पुढची वर्षं जोडायला सांगितलं. मी ती चार पानं तीनदा वाचली. पायाभरणी कोणत्या बिशपांच्या हस्ते झाली, घंटा कोणी दिली, शाळेला मान्यता कधी मिळाली, दुसरा मजला कधी चढला, संगणक कक्ष कधी उघडला, सगळे फादर ओळीने. त्यात खोटं काही नाही. पण चर्चची भिंत उभी राहण्याआधी ज्यांनी चर्च चालवलं, त्यांतलं एक नाव तिथे नाही.

मला आठवतं ते असं. औरंगाबादच्या सिडकोतलं दोन खोल्यांचं घर. रविवारी सकाळी खाट बाहेर अंगणात निघायची. आईच्या शिलाई मशीनवर पांढरी चादर पडली की ती वेदी. शहरातून फादर स्कूटरवर यायचे आणि त्यांना उशीर झाला की माझे आजोबा जपमाळ सुरू करायचे. आजोबा मास्तर होते. शाळेचे नव्हे, धर्मशिक्षक. खेड्यात त्यांनी उभी हयात हेच केलं होतं आणि म्हातारपणी पोराकडे सिडकोत राहायला आले तेव्हा इथेही तेच सुरू झालं. आठवड्यातले सहा दिवस त्याच खोलीत शेजारणी शिवण शिकायच्या आणि ओट्यावर सिस्टर बालवाडी घ्यायच्या. आज साडेतीन मजल्यांची जी शाळा आहे ती त्या ओट्यावर सुरू झाली. स्मरणिकेत शाळेचं वय मान्यतेच्या पत्रापासून मोजलंय.

थोडी पार्श्वभूमी देते, कारण इथे सगळेच आपल्यातले नाहीत. औरंगाबाद धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा भाग, १७ डिसेंबर १९७७ रोजी झाला. डॉमिनिक अब्रेओ हे पहिले बिशप. त्याआधी आपण अमरावतीत होतो, आणि अमरावती १९५५ मध्ये वेगळं निघण्याआधी नागपुरात. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा. म्हणजे निजामाच्या राज्यात राहणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या आपल्या माणसांचे बिशप बसायचे नागपुरात. फादर यायचे फ्रान्समधून. आनसी गावी १८३८ मध्ये पीटर मर्मिये यांनी स्थापलेला संत फ्रान्सिस द सेल्सचा संघ १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरला, तिथून नागपूर, आणि मग पुढे गोदाकाठी वैजापूर तालुक्यातलं घोगरगाव. मराठवाड्यातल्या कुठल्याही कॅथलिक घरात 'तुमचं मूळ कुठलं' विचारा, दोन-तीन पिढ्या मागे गेलात की घोगरगाव नाहीतर त्याच्या आजूबाजूचं एखादं गाव निघतंच.

म्हणून मला सुरुवात सिडकोपासून करायची नाही. तुमच्याकडे जे असेल ते द्या. जुनं पत्र, फोटो, शाळेचा दाखला, ऐकीव गोष्ट, काहीही. गावांची नावं तर नक्की द्या.

वाळूजकर | ११ जून, रात्री ११:३२

ताई, तुम्ही खाट बाहेर काढायची आठवण काढली आन् मला आमचं घर दिसलं.

आमचे दादा बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आले. आधी नाला बंडिंगच्या कामावर खडी फोडली. सुकडी मिळायची ती आम्हा लेकरांसाठी धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. मग चिकलठाण्याला एका कारखान्यात हमाली. पुढं १९८५ ला बजाजचा कारखाना वाळूजला आला, तसं गावाकडचं अर्धं ख्रिस्ती आळं हिकडं सरकलं. कोणी कंपनीत, कोणी कँटीनला, कोणी वॉचमन. पण रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मात्र शहरात. दादा सायकलवर, मी पुढं दांडीवर, माय मागं कॅरिअरवर धाकटीला घेऊन. जायला दीड तास लागायचा आन् येताना ऊन.

एक गोष्ट लिहून घ्या. आम्ही नवीन वस्तीत आलो तेव्हा कोणाचं घर ख्रिस्ती हे ओळखायचं कसं? आडनावावरून कळत नाही, नावं पण तशीच, भाऊसाहेब, कचरू, रंगनाथ. तर दादांनी सप्टेंबरात बघितलं. हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला पायी कोण निघतंय ते. नगर नाक्यावर पहाटे उभे राहिले, जेवढे दिसले तेवढ्यांचे पत्ते विचारून घेतले. बावीस घरं निघाली. तीच बावीस घरं पुढं आमच्या वाळूजकडच्या प्रार्थनेची पहिली मंडळी. ते पत्ते लिहिलेली वही अजून आहे आमच्याकडं, फोटो काढून टाकतो.

नगरची लेक | १२ जून, सकाळी ७:१५

मी पलीकडची, राहुरीची. लग्न होऊन अलीकडे आले. तुम्हा लोकांना नदीचं महत्त्व कळत नाही असं मला नेहमी वाटतं, म्हणून लिहिते.

गोदावरीच्या दक्षिणेला आमचा नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख, तेव्हाचा पुणे धर्मप्रांत. आमच्याकडे जेज्विट, म्हणजे येशूसंघाचे, फादर आणि त्यांतले बरेच जर्मन. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्या जर्मन फादरांना नजरकैदेत टाकलं, परत पाठवलं, आणि आमच्या मिशनची घडी विस्कटली. उत्तरेला निजाम आणि फ्रेंच फादर. फ्रान्स इंग्रजांच्या बाजूने लढत होतं, त्यामुळे तुमच्याकडे ती झळ तशी बसली नाही. लोक मात्र दोन्हीकडे तेच. आमची लग्नं नदी ओलांडूनच व्हायची. माझ्या आजीची आई गंगापूरकडची. लग्नाचं वऱ्हाड होडीतून आलं होतं म्हणे, आणि फादर कुठले आणायचे यावरून दोन्ही व्याह्यांत बोलाचाली झाली होती.

आमच्याकडे 'निरोप्या' यायचा. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केलेलं मासिक. घरी ट्रंकेत जुने अंक होते. त्यांत कुठल्या गावी किती जणांचा बाप्तिस्मा झाला, कोणते मास्तर वारले अशा बातम्या असत. ताई, तुमच्या आजोबांच्या काळातले अंक कोणाकडे सापडले तर आधी ते बघा. फादरांची नावं कुठेही मिळतात, मास्तरांची नावं अशाच जागी मिळतात.

आणि एक दुरुस्ती. वरच्या लेखात नाही, पण बोलताना सगळेच चुकतात. संत फ्रान्सिस द सेल्सचे फादर वेगळे आणि डॉन बॉस्कोचे सालेशियन वेगळे. संत एकच, संघ दोन. स्मरणिकेत ही चूक जाऊ देऊ नका.

खडू-फळा | १२ जून, दुपारी ४:०५

मी या विषयावर बोलावं की नाही याचा दिवसभर विचार केला. अशाच एका उपनगरातल्या पॅरिश शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. शाळेचं नाव घेत नाही.

आधी जुनं सांगतो. निजामी राजवटीत सरकारी शाळेत वरच्या वर्गांना उर्दूच. १९१८ मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठ तर सगळं उर्दूतच शिकवत होतं. खेड्यातल्या आपल्या लेकरांना सरकारी शाळेत एक तर दाराबाहेर बसवत, नाहीतर घेतच नसत. मिशनची शाळा म्हणजे एका खोलीत चार वर्ग, एक मास्तर, आणि तो मास्तर मराठीत शिकवणारा. बाराखडी, पाढे, शुभवर्तमानातल्या गोष्टी. पहाटे प्रार्थना घ्यायची, दिवसा शाळा, संध्याकाळी आजाऱ्याच्या घरी, रात्री कोणाचं भांडण मिटवायला. पगार तुटपुंजा, बाकी सगळं गावाच्या भाकरीवर. माझे वडील असेच मास्तर होते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा त्यांनी फळ्यावर तारीख लिहिली आणि त्या दिवशी शाळा सोडून दिली, एवढीच त्या दिवसाची आठवण ते सांगत.

पुढची पिढी बोर्डिंगमध्ये वाढली. चाळीस पोरं एका हॉलमध्ये, सतरंजीवर. ज्वारीची भाकरी आणि पातळ वरण. सिस्टर डोक्याला तेल लावून द्यायच्या. तिथून मॅट्रिक झालेली पोरं औरंगाबादला आली. बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केलं होतं, तिथे आपलीही पोरं शिकली. ज्या घरातला थोरला भाऊ ख्रिस्ती झाला होता आणि धाकट्याने १९५६ नंतर धम्म घेतला, अशी दोन्ही घरची मुलं एका बाकावर बसली. हे स्मरणिकेत यायला हवं.

आता नवं. मी लागलो तेव्हा आमच्या शाळेत दोन्ही माध्यमं होती. सकाळी मराठी, दुपारी इंग्रजी. मराठीत आपली लेकरं, कंपनीतल्या कामगारांची, शेजारच्या झोपडपट्टीतली. इंग्रजीत हळूहळू सिडकोतले डॉक्टर-इंजिनिअर. इंग्रजीला रांग लागू लागली. मग मराठीची पहिली बंद झाली, पुढच्या वर्षी दुसरी, अशी नऊ वर्षं वरवर चढत गेली. शेवटचा मराठी दहावीचा वर्ग मी शिकवला. अठरा पोरं होती. निरोपाच्या दिवशी एका मुलीने विचारलं, सर, माझा धाकटा भाऊ आता कुठे जाईल? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शाळेने मोठं व्हावं याला माझा विरोध कधीच नव्हता. विनाअनुदानित शाळेला फीवरच जगावं लागतं, हे हिशेब मी स्वतः पाहिलेत. पण शिक्षण हक्क कायद्यातली गरिबांसाठीची २५ टक्के जागांची अट अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते पक्कं झालं. त्यामुळे आपल्या शाळेत आपलं गरीब लेकरू घ्यायचं की नाही, हे आता पूर्णपणे आपल्याच मनावर आहे. आमच्याकडे एका वर्षी चर्च झाडणाऱ्या बाईच्या नातवाला प्रवेश मिळाला नाही. त्या बाईचा नवरा त्याच शाळेच्या पायाभरणीला घमेली वाहत होता.

ताई, हे छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी लिहायला तयार आहे, नावानिशी.

पेटीमास्तर | १२ जून, रात्री ९:२०

सरांचं वाचून सुन्न झालो.

माझ्याकडून एवढंच, की गायनाचा इतिहास विसरू नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषेत उपासना करायला वाट मोकळी केली, त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये आणि फादरांची पाठ लोकांकडे. वेदीपाशी लॅटिन चालू, आणि मागे बायाबापड्यांत मास्तर मराठीतून जपमाळ म्हणवून घेतायत, असं माझे चुलते सांगत. मग पेटी, तबला, टाळ आत आले. आमच्याकडच्या बाया जात्यावरच्या चालींत मतमाउलीची गाणी म्हणायच्या, ती कधी कुठल्या गीतपुस्तकात आली नाहीत. माझ्या आईकडून मी अकरा उतरवून घेतली, बारावी म्हणताना ती मध्येच थांबली आणि मग आठवलीच नाही. चाली माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवतो.

जालनेकर | १३ जून, सकाळी ६:४०

मी प्रॉटेस्टंट, जालन्याचा. धागा तुमचा आहे, पण मराठवाड्यातला ख्रिस्ती इतिहास एका चर्चच्या भिंतीत मावणारा नाही, म्हणून लिहितो.

जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं. ते जन्माने ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे स्कॉटिश मिशनचे पाळक. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी गावकुसाबाहेरच्या माणसांना स्वतःचं गाव दिलं. चर्च, शाळा, विहीर, घरं असं अख्खं गाव. लोक चर्चबद्दल विचारतात, मला त्यातली विहीर मोठी वाटते. ज्यांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते त्यांची ती विहीर.

पाण्यावरून आठवलं. तुम्ही खेड्यात जो हातपंप मारून पाणी प्यालात, त्याचं एक मूळ आमच्या जालन्यात आहे. १९६० च्या दशकात इथल्या मिशनने बोअर पाडायचं काम हाती घेतलं. तेव्हाचे ओतीव लोखंडाचे पंप घरगुती वापराचे, अख्खं गाव त्यावर आलं की महिन्याभरात मोडायचे. म्हणून इथे पोलादाचा, एकाच खिळीवर फिरणारा पंप बनवला, तो 'जालना पंप'. त्यात सुधारणा होत सोलापूरचा पंप झाला आणि पुढे त्यावरून 'इंडिया मार्क टू', जो देशभर आणि देशाबाहेरही गेला. बहात्तरच्या दुष्काळात पाण्याला जात विचारणारे हातपंपाच्या रांगेत एकामागे एक उभे राहिले, हे माझ्या वडिलांनी पाहिलेलं आहे.

तुमच्या स्मरणिकेत शेजारधर्म म्हणून दोन ओळी आल्या तरी आनंद वाटेल.

मास्तरांची नात | १३ जून, रात्री ११:१०

जालनेकर दादा, दोन ओळी नाही, पानभर देते. सर, तुमचा लेख नावानिशी घेणार. समितीत कोणाला अडचण वाटली तर मी बोलेन.

आज जे झालं ते सांगते, अजून हात थरथरतोय.

आपल्या धर्मग्रामाची बाप्तिस्मा नोंदवही धर्मग्राम झाल्या वर्षापासूनची आहे. त्याआधी ज्याचा बाप्तिस्मा जिथे झाला, नोंद तिथेच राहते. माणूस गाव सोडतो, नोंद सोडत नाही. उलट त्याचं पुढे कुठेही लग्न झालं तरी ते कळवून त्या जुन्या ओळीच्या कडेला लिहितात. त्यामुळे आपला इतिहास शोधायचा तर जुन्या गावच्या चर्चमध्ये जायला हवं. मी आज गेले. तिथल्या फादरांनी कपाटातून वह्या काढून दिल्या, आधी हात धुवायला लावले आणि शेजारी बसून राहिले. वाळवीने काही पानांना भोकं पाडलीत. पाऊस लागला की त्या भिंतीला ओल येते म्हणाले.

जुन्या वह्या लॅटिनमध्ये. आपले योसेफ तिथे 'योसेफुस', पेत्र 'पेत्रुस'. पण आडनाव आलं की फादरांची लॅटिन संपते, तिथे मराठी आडनाव फ्रेंच कानांना जसं ऐकू आलं तसं लिहिलंय, मोठ्याने वाचलं तरच कळतं. रकाने असे, जन्म, बाप्तिस्मा, बाळ, आईबाप, गाव, धर्मपिता, धर्ममाता, बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव, शेरा.

मी आजोबांचं नाव शोधायला गेले होते. ते धर्मपिता म्हणून पानोपानी आहेत. पण १९४९ ते १९६२ या वर्षांत, सतरा ठिकाणी, बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात फादरांच्या जागी माझ्या आजीचं नाव आहे.

आधी वाटलं, लिहिणाऱ्याची चूक. मग शेऱ्यात बघितलं. 'इन पेरिकुलो मॉर्टिस'. मरणाच्या छायेत. फादरांनी समजावलं. बाळ दगावणार असं दिसलं आणि धर्मगुरू जवळ नसला तर कोणीही, बाई असो पुरुष असो, कपाळावर पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतो. त्यात काही उणं राहत नाही. बाळ जगलं तर उरलेला विधी नंतर चर्चमध्ये होतो.

आजी सुईण होती हे आम्हाला माहीत होतं. तिने हे केलंय हे तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. फादर महिन्यातून एकदा घोड्यावर येणार, दवाखाना कोसभर लांब, रात्रीची वेळ, कंदील, आणि निळं पडलेलं बाळ. तिने नाळ कापली आणि त्याच हाताने पाणी घातलं. सतरापैकी अकरांच्या नावापुढे त्याच आठवड्यात मृत्यूची खूण आहे. सहा जगले. त्यातल्या चौघांच्या ओळीच्या कडेला पुढे लग्नाची नोंदही आहे.

मी इथे 'मास्तरांची नात' हे नाव घेतलं, कारण घरात सगळे आजोबांबद्दलच बोलायचे. तिला गाव 'मास्तरीणबाई' म्हणायचं. तिचं स्वतःचं नाव मला आज त्या वहीत, फ्रेंच फादरांच्या वळणदार अक्षरात वाचायला मिळालं.

वेदीसेवक | १४ जून, सकाळी ८:००

ताई, फार मोठं काम करताय. तरीही एक काळजीने सांगतो, राग मानू नका. वर सरांनी आणि जालनेकरांनी जातीचा विषय काढला. स्मरणिका बाहेरचेही वाचतात. सध्या धर्मांतर या शब्दावरून लोक काय काय बोलतात ते आपण रोज ऐकतो. ख्रिस्तात सगळे एक, मग कोण पूर्वी काय होतं हे कशाला लिहायचं? माझ्या मुलीच्या शाळेतल्या मैत्रिणींना तिची जात माहीत नाही आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं. वस्तीवर रात्री दगड आला तर आपल्याच घरावर येतो.

दाखलेवाला | १४ जून, सकाळी १०:२५

वेदीसेवक भाऊ, तुमची भीती खोटी नाही. पण मी सेतू केंद्राबाहेर आपल्या लोकांचे अर्ज भरून देतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंत मानल्या. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. आपण अजून बाहेर. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात, आणि तो दाखला हवा तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. कुठून आणणार? आजोबांच्या नावे सातबारा नाही. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत, नाव असलं तर असलं. राहिला शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. आणि ती शाळा म्हणजे बहुतेक वेळा मिशनची एका खोलीची शाळा, जी बंद पडून चाळीस वर्षं झाली आणि जिचं रजिस्टर कुठल्यातरी चर्चच्या माळ्यावर आहे.

माझ्याकडे गेल्या वर्षी एक पोरगी आली, नर्सिंगला नंबर लागलेला. तिच्या पणजोबाचं नाव एका जुन्या रजिस्टरमध्ये मिळालं, जातीच्या रकान्यासकट. प्रवेश झाला. ते रजिस्टर वाळवीने खाल्लं असतं तर पोरगी आज घरी बसली असती. जात लपवून आपली सुटका होत नाही भाऊ, कागद मात्र हातचा जातो.

ताई, एक उपयोगाचं. निजामी काळातल्या सरकारी शाळेचा उतारा मिळाला तर त्यावर साल फसली असतं. त्यात ५९० मिळवा. १३४५ फसली म्हणजे १९३५-३६. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. महिने आजूर, दै, बहमन असे असतील, घाबरू नका, मला फोटो पाठवा.

खडू-फळा | १४ जून, दुपारी १:५०

वेदीसेवक, तुम्ही माझे विद्यार्थी आहात की काय असं तुमची भाषा वाचून वाटतंय. बाळा, मुलीला शाळेत सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव, त्यात कोणी बोलणार नाही. पण तिला घरी तरी सांग. मास्तरांच्या शाळेत आपण का गेलो, हे जातीशिवाय सांगताच येत नाही.

वेदीसेवक | १४ जून, दुपारी २:३०

सर, १९९४ ची बॅच. तुम्ही ओळखलंत.

विचार करतो. माझ्या आजोबांचं गाव ताईंना व्यक्तिगत निरोपात कळवतो. छापताना घराचं नाव नको, गावाचं चालेल.

मास्तरांची नात | १४ जून, रात्री १०:१५

वेदीसेवक भाऊ, तसंच करू. ज्या घराला नाव नको त्यांचं नाव येणार नाही, हे आधीच ठरवते. कोणाच्याही नोंदीचा फोटोही छापणार नाही, बाप्तिस्म्याची वही ही खासगी गोष्ट आहे.

आता कामाचं. पावसाआधी त्या वह्यांची पानं नीट उजेडात फोटो काढून ठेवायला फादरांनी हो म्हटलंय. एक प्रत चर्चकडे, एक धर्मप्रांताच्या कार्यालयात. वहीच्या घडीला ताण येऊ नये म्हणून दोन उशा घेऊन जातेय, वही त्यावर अर्धी उघडी ठेवून एकाने पान धरायचं आणि दुसऱ्याने फोटो काढायचा. पाच-सहा माणसं लागतील. शनिवारी जायचं. येताना घोगरगावला फादर जाकिये यांच्या समाधीपाशी थांबू. त्या भागात त्यांना अजून घरातल्या म्हाताऱ्यासारखं 'जाकियेबाबा' म्हणतात, आणि लोक नवस बोलायला येतात. तिथल्या म्हाताऱ्या बायांशी पेटीमास्तरांनी बोलावं अशी फार इच्छा आहे, बारावं गाणं कोणाला तरी येत असेल.

स्मरणिकेचं पहिलं पान आज लिहिलं. त्यात शिलाई मशीन आहे आणि वाळूजकर दादांच्या वहीतली बावीस घरं आहेत, नावं विचारून मगच. पायाभरणी आता नवव्या पानावर गेलीय.

पेटीमास्तर | १४ जून, रात्री १०:४०

येतोय. पेटी आणू का?

वाळूजकर | १४ जून, रात्री ११:५५

ताई, रात्र झाली पण आत्ताच लिहितो, नाहीतर झोप येणार नाही.

तुमचं वहीचं मी मायला वाचून दाखवलं. ती गप्पच झाली. मग म्हणाली, मास्तरीणबाईनं मला पाणी घातलं होतं, माझी माय सांगायची. सातव्या महिन्याची झाली होती मी, कापसात गुंडाळून चुलीजवळ ठेवली होती. माय तुमच्याच आजीआजोबांच्या गावची, हे मला आज कळालं. जन्मसाल तिला नक्की माहीत नाही, अठ्ठेचाळीसची पोलिस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती असं म्हणती. नाव वहीत 'मारिया' असंल, बापाचं नाव निरोपात पाठवलंय. जगलेल्या सहांत आहे का बघाल?

शनिवारी ती यायची म्हणते. पायरी चढवत नाही पण गाडीत पुढं बसून येईल. किती वाजता निघायचं, आन् नगर नाक्यावर कुठं थांबू ते सांगा. सगळ्यांच्या भाकरी ती बांधून आणणार आहे, तुम्ही कोणी डबे आणू नका.

मास्तरांची नात | १५ जून, पहाटे ५:२०

दादा, माझ्याकडे सहाही नावं लिहून आणलेली आहेत. तिसरं नाव बघा, १९५१. बापाचं नाव जुळतंय. कडेला लग्नाची नोंद आहे, तुमच्या दादांच्या नावासकट.

शनिवारी सकाळी साडेसहाला, नाक्याच्या अलीकडे. मायला मागच्या सीटवर माझ्याजवळ बसू द्या.